अंगणातला नळ

लग्न होऊन मी मराठवाड्यातून पिंपळे गुरवला आले. नवरा पिंपरीच्या कंपनीत. त्याने गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्याने घेतली होती. पाणी मालकांच्या अंगणातल्या नळावर. विहिरीवरची मोटार सुरू झाली की त्याला पाणी यायचं.

मालकीणबाईंना मी काकी म्हणायचे. त्या रोज डोकावायच्या. "पोरी, गाव कंचं तुझं? आडनाव आमच्यात बी हाय गं. देव कुठं मांडला?" मी हसून वेळ मारून न्यायचे. नवरा म्हणायचा, "थोडं थांब. माणसं कळू देत."

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात आमच्या लोकांच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या. माहेरची खुशाली कळेना. एके सकाळी मी ट्रंकेतली बुद्धाची तसबीर काढली आणि दारासमोरच्या भिंतीवर लावली.

काकी आल्या, तसबिरीकडे पाहिलं, बाहेरूनच म्हणाल्या, "मोटार जळलीया. नळाला पानी न्हाई." आणि गेल्या.

दुपारी भांड्यात धार पडल्याचा आवाज ऐकू आला. हंडा घेऊन मी अंगणात गेले. काकी कळशी भरत होत्या.

"काकी, मोटार जळली होती ना?"

"आत्ताच झाली दुरुस्त. भर की. म्या कुठं न्हाई म्हणते?"

मी हंडा भरला. चार पावलं गेले तोच मागे बादली ओतल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर काकी नळाखालची फरशी खराट्याने घासत होत्या. शेवाळ झालं असेल. असेलही. पण भात करताना तो खराटाच कानात वाजत राहिला.

महिन्याभरात मालकांनी नवऱ्याला सांगितलं, "राव, पोराचं लगीन हाय. खोली लागंल."

"बहाणा आहे," मी म्हणाले.

पण दारात खरंच मांडव पडला. आम्हाला आमंत्रणही आलं. काकींनी स्वतः माझी ओटी भरली. माझं सगळं लक्ष त्यांच्या हातांकडे, तांदूळ वरून टाकतात की पदरात ठेवतात. त्यांनी ओंजळ पदराला टेकवून तांदूळ ठेवले.

"झालं समाधान?" परतताना नवऱ्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. त्या बाईच्या मनात काय होतं, मला आजही सांगता येणार नाही.

पुढची खोली शोधायला देहूरोडकडे मीच पुढे झाले. दार उघडलं की आधी सांगायचे, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर खोली दाखवा." एकीने सासूला विचारते म्हणून दार लावलं, ते उघडलंच नाही. दुसऱ्या घरातली बाई पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या मालकांना रातपाळी असती का? तसं असंल तर मागची खोली घ्या. म्होरं पोरांचा लई कालवा असतो."