वाऱ्याच्या वहीतलं ‘बरोबर’

आजोबा गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा निखिल, तू रडता रडता विचारलंस, “आजी, वाऱ्याची वही आहे ना गं नीट?” त्यांचं काम तुला पुढे न्यायचंय. मी वही काढली, पाठवण्यापूर्वी पानांना क्रमांक घालायला बसले आणि... मला संशय आला.

हवामान खात्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही मीरा रोडला आलो, तेव्हापासून आजोबांना एकच ध्यास. हवामानाच्या मोठ्या नकाशावर अख्ख्या अरबी समुद्राचा दाब कळतो, पण त्यातला एकेक चौकोन एवढा मोठा, की उत्तनचं पाणी, गोडदेव आणि ठाण्याचे डोंगर एकाच वाऱ्यात गुंडाळले जातात. त्या आकड्यांवरून उत्तनसमोरच्या पाण्यावर उद्या नेमका किती वारा असेल, हे काढणारं सूत्र त्यांना बसवायचं होतं. अंदाज पडताळायला साक्षीदार हवा. ती सबिना. उत्तनला बोंबील वाळवणारी, नवऱ्याची स्वतःची बोट. बोट परतली की ती फोन करायची आणि आजोबा अंदाजासमोर तिचं उत्तर लिहायचे.

“काका, तुमचा वारा गेला कुठं? आमचा बावटा पन हालला न्हाय!” आजोबा हसत शाईने ‘चूक’ लिहायचे. अशा चुका वहीभर आहेत. ते अंथरुणाला खिळले, त्यानंतर मात्र एकही नाही. दीड महिना सगळं ‘बरोबर’. सूत्र असं एकाएकी सुधारतं?

मागच्या आठवड्यात सबिना भेटायला आली. चहाआधीच मी वही तिच्यापुढे ठेवली. “हे खरं आहे?”

ती म्हणाली, “काकी, बोट गेलीच कुठं तवा? इंजिन खोललेलं व्हतं. मानूस एवढा आजारी, त्याला काय सांगू? मंग ‘बरोबर’ बोलायची मी.”

“म्हणजे फसवलंस त्यांना!” जन्मात एक आकडा न फिरवलेल्या माणसाच्या वहीत खोटं. माझा आवाज चढला.

“फसतायत कसले! कुनाकडनं कळलं देव जाने, एकदा बोलले, ‘सबिने, इंजिन लागलं की खरं सांगत जा हां.’”

ती गेल्यावर मी शेवटची पानं खिडकीपाशी नेऊन पाहिली. अंदाज नेहमीसारखे शाईत होते. समोरचं प्रत्येक ‘बरोबर’ पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

निखिल, वही पाठवते आहे. पेन्सिलीतलं गणितात धरू नकोस... पण खोडूही नकोस.