नखावरची रेघ

जुईला पाजता पाजता केतकीचे डोळे मिटतात, आणि मिटता मिटताही तिचं एक लक्ष लेकीच्या चेहऱ्यावर असतं. दुपार कलली आहे. ओटीवर सासूबाई तांदूळ पाखडतायत, सुपाचा आवाज येतो आहे. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या ठोकलेल्या, आणि फळ्यांवर ओळीने गणपती, प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेले. हा केतकीच्या नवऱ्याचा, हर्षलचा माल. पेणच्या कारखान्यातून उचलायचा आणि पनवेलच्या स्टॉलवर विकायचा. घरात दुसरी जागा नाही, म्हणून आई, लेक आणि हे एवढे देव एकाच खोलीत.

चार महिन्यांची जुई दूध पिते, हसते, भांडं पडलं तर दचकते. पण बघत नाही. निदान केतकीला तसं वाटतं. नजर तोंडावर येते आणि अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी घसरून जाते.

"बघते की!" सासूबाई म्हणतात. "काल खुळखुळ्याकडे बघत नव्हती का?"

"आवाज आला म्हणून मान वळवली तिने."

"तू शिकलेली ना, म्हणून तुला असलं सुचतं. आमच्या घराण्यात कोणी आंधळं निपजलं नाही हो."

आणि हर्षल म्हणतो, "गणपती होऊ देत गं. मग दाखवू डॉक्टरला. ऐन सीझनला स्टॉल टाकून कसा येऊ?"

अशा बाबतीत थांबायचं नसतं, हे तिने वाचलं आहे. पण वाचलेलं या घरात बोलायची सोय नाही. आणि खरं सांगायचं तर, आपलंच चुकत असावं, अशी आशा धरून तीही गप्प बसली आहे.

सुपाचा आवाज लांब जातो. मग तो सुपाचा राहत नाही. कुंचला पाण्यात खळखळवल्यासारखा होतो.

"काय गो केतके, झोपलीस की जागी?"

फळीखाली आई बसली आहे. अंबाड्यात कुंचला खोचलेला, मांडीवर एक गणपती. आईला जाऊन वर्ष होत आलं, हे केतकीला आठवतं. गॅस चालू राहिला की काय असं मधेच आठवावं, तसं. आणि लगेच विसरायला होतं.

"जावई हे कसे देतो?"

"इंचावर. जेवढी उंच, तेवढा भाव."

"आणि डोळ्यांचे?"

"डोळ्यांचे वेगळे नसतात आता. छापील आहेत. चिकटवतात."

आई पिशवी वर करून बघते. तिचा अख्खा जन्म बाळाशेठच्या कारखान्यात आखणी करण्यात गेला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळ्यांचे हात फिरून झाले की मूर्ती आईपुढे यायची. प्रत्येक डोळ्याआधी ती कुंचल्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघायची. रेघ मनासारखी आली की मग देवाला हात. त्यामुळे ते नख कायम काळं असायचं. लग्नाकार्यात ती अंगठा मुठीत झाकून घ्यायची.

आता आई त्या गणपतीचा एक डोळा नखाने खरवडून काढते आणि टिकली लावावी तसा आपल्या कपाळावर चिकटवते.

"कशी दिसते?"

"आई, शी! काढ ते."

"तुझ्या बापाला आवडलं असतं," आई म्हणते आणि हसते, आणि कपाळावरचा डोळा हसत नाही.

केतकी दार लोटायला उठते. सासूबाईंना आईचा आवाज गेला तर काय सांगायचं? दार लोटते, तर पलीकडे ओटी नाहीच. भोगावतीचा घाट आहे. गुलाल, ताशा, चिखलात रुतलेल्या चपला. दीड दिवसाचे गणपती निघाले आहेत.

"हा तोच दिवस," आई तिचा हात घट्ट धरून म्हणते.

केतकीला ठाऊक आहे कुठला. त्या वर्षी सीझनच्या गर्दीत एक मूर्ती आखणीवाचूनच गेली. गिऱ्हाईक मूर्ती नेतं ते तोंडावर रुमाल टाकून, रुमाल काढायचा तो घरच्या उंबऱ्यात. त्यामुळे कारखान्यात कोणी पाहिलं नाही. रात्री जेवताना आईला आठवलं आणि घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी पत्ता काढत ती त्या घरी धावली, तर मंडळी घाटावर गेलेली. घाटावर पोचली, तर समोर देव. हार, दुर्वा, मोदक, सगळं यथासांग. डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. आरत्या झाल्या, फोटो निघाले, सत्यनारायणाला यावीत तशी माणसं येऊन जेवून गेली, आणि कोणाच्या ध्यानात नाही.

"घ्या मावशी, प्रसाद," गर्दीतला एकजण आईच्या हातावर खोबरं ठेवतो.

"कशी वाटली मूर्ती?" आई विचारते. तेव्हाही तिने हेच विचारलं होतं.

"काय सांगू! चेहरा एवढा बोलका, की उठवत नव्हतं समोरून."

मग आईने बाळाशेठपुढे हात जोडले. काढून टाकतील असं धरूनच गेली होती. बाळाशेठ आधी पोट धरून हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "प्रमिलाबाई, म्हणजे लोक इंच बघतात. डोळे आपणच बघत बसलोय." पुढच्या सीझनला छापील डोळे आले. आईला घरी बसवलं. ती गेली तेव्हा तिचं नख स्वच्छ होतं. केतकीने आंघोळ घालताना पाहिलं होतं, आणि सगळ्यांत जास्त रडू तिला त्या नखाचं आलं होतं.

"बघ, चालली," आई म्हणते.

पाट डोक्यावर घेऊन एक माणूस पाण्यात उतरतो आहे. पाटावर मूर्ती नाही. दुपट्यात गुंडाळलेली जुई आहे, तोंडावर रुमाल.

"अहो थांबा!" केतकी ओरडते. "तिचे डोळे बघा! कोणीतरी बघा!"

"बघते की!" घाटावरची सगळी माणसं एका सुरात म्हणतात. कोणीतरी रुमाल उचलतं. "काय गोड! डोळे तर अगदी बापाचे!" गुलाल उडतो. पाणी त्या माणसाच्या कमरेला लागतं, छातीला लागतं. केतकी पाण्यात पाय टाकते आणि पाय टेकतो तो कोरड्या फरशीवर, कारखान्यात. सगळीकडे पांढरी धूळ. ओळीने पांढरे देव. आई पाटावर बसली आहे आणि तिच्या मांडीवर जुई, कोरडी, मूठ चोखणारी.

आई नातीचं तोंड उजेडाकडे करते. हनुवटी धरून, मूर्तीची धरायची तशी. खूप वेळ बघते. एवढा वेळ जुईकडे कोणीच बघितलेलं नाही.

"हिची राहिलीय," ती म्हणते.

"काय राहिलंय?"

"मला कशाला विचारतेस? तुला ठाऊक आहे."

केतकीच्या मानेवरचं काहीतरी उतरल्यासारखं होतं. "मग तू काढ. कुंचला आहे ना? काढ ना गं आई!"

"रंगाच्या डोळ्यांना दिसत नसतं, बाय. एवढे काढले मी, एकाने तरी माझ्याकडे बघितलं का?"

"मग कशाला काढायचीस जीव ओतून? कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही!"

आई अंबाड्यातला कुंचला काढते. काळ्या रंगात टोक बुडवते. स्वतःच्या नखावर ओढते, रंग ठरत नाही, ओघळून जातो. "माझं नख आता रंग धरत नाही. तुझं दे." केतकी अंगठा पुढे करते. आईचे हात थंड नाहीत, कसलेच नाहीत.

"माझ्या ध्यानात आलं ना," आई खाली मान घालून म्हणते. "मी पळाले. पोचले उशिरा, ती गोष्ट वेगळी."

कुंचला नखाला टेकतो.

सुपाचा आवाज. ओटीवरचं ऊन. केतकीची मान अवघडली आहे, मांडीला मुंग्या आल्या आहेत. जुई मांडीवर जागी आहे, डोळे उघडे, वरच्या पंख्याकडे वळलेले. की कुठेच नाही.

केतकीच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर एक काळी रेघ आहे. टोकाला बारीक, मधे भरलेली, पुन्हा बारीक. वरच्या पापणीची रेघ. ती थुंकी लावून पुसते. पदराने घासते. निघत नाही. काजळ म्हणावं, तर डॉक्टरांनी नको सांगितल्यापासून घरात काजळाची डबी नाही. त्यावरून सासूबाईंनी अबोलाही धरला होता.

ती तो अंगठा जुईच्या डोळ्यांपुढे धरते. तोंडाने आवाज करत नाही, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. हळूहळू खिडकीकडे नेते. मग फळ्यांकडे.

डोळे जिथे आहेत तिथेच राहतात.

"आई, जरा इकडे या," ती ओटीकडे हाक मारते.

"काय झालं? उठली का माझी बाय?"

"माझ्याकडे नका बघू. तिच्याकडे बघा."

सासूबाई सूप खाली ठेवून येतात, "पुन्हा तेच—" म्हणत वाकतात. केतकी अंगठा पुन्हा नेते. खिडकीकडे. फळ्यांकडे. सासूबाईंचं वाक्य अर्धंच राहतं. त्या जमिनीवर बसतात. कधी नव्हे त्या आवाजात विचारतात, "मला का गं दिसलं नाही?"

केतकी उठते. पिशवीत दुपटी भरते, फाईल घेते, हर्षलला फोन लावते. "स्टॉलवर कुणाला बसवतोस ते तू बघ. आम्ही पनवेलला निघालोय. डोळ्यांच्या दवाखान्यात ये." तो काहीतरी म्हणतो. ती फोन ठेवते.

दारात ऊन लागतं. सासूबाई सवयीने जुईच्या तोंडावर रुमाल टाकायला हात पुढे करतात.

"झाकू नका," केतकी म्हणते.

ती आपल्या हाताची सावली धरते. चाचपडणाऱ्या जुईच्या मुठीला तो अंगठा सापडतो, आणि रेघेसकट जुई तो घट्ट धरून ठेवते.