फक्त यमुनामावशीला माहीत होतं

यमुनामावशी गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. मुख्याध्यापकांनी दोन ओळी टाकल्या होत्या. आपल्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या यमुनाबाई पहाटे हृदयविकाराने गेल्या, अंत्यविधी लोधिवलीला अकरा वाजता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोड हात टाकले आणि कर्जतच्या भिसेगावातल्या माझ्या स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "शाळेतल्या खिचडीवाल्या मावशी गेल्या." एवढंच... तो "अरेरे" म्हणाला आणि रसायनीच्या कंपनीची बस गाठायला निघाला. त्याचं काही चुकलं नाही. ती माझी कोण होती, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

चौकजवळच्या आमच्या शाळेत ती चौदा वर्षं खिचडी शिजवत होती. अंगाने एवढीशी, पण आवाज पटांगणाच्या पार टोकाला पोचायचा. एखादं पोर भूक नाही म्हणालं की, "भूक नाय? मंग टोपात काय बघतोस? बस खाली!" एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी खिचडी चाखून मीठ कमी असल्याचा शेरा दिला, तेव्हा ही पदराला हात पुसत म्हणाली, "सायेब, मीठ पोरांच्या मापानं टाकलंय, तुमच्या नाय." मुख्याध्यापकांना घाम फुटला. मी वहीत तोंड खुपसून हसले. मी लहान सुट्टीत तिच्या शेडमध्ये जाऊन बसायची, सूप पुढे ओढून तिच्याबरोबर तांदूळ निवडायची. बाकीच्या शिक्षिकांना ते जरा विचित्र वाटायचं.

आता पुढचं लिहायला मला पाच आठवडे लागले. तीन वर्षांपूर्वी माझ्या मनात मरणाचे विचार येऊ लागले. कारण विचाराल तर एकही दाखवता येणार नाही. नोकरी होती, घर होतं, नवरा सरळ, मुलगा हुशार. आपल्याकडे अशा बाईला "हिचं सुख दुखतंय" म्हणतात. मीही स्वतःला तेच म्हणत होते. सकाळी उठायची ती थकूनच उठायची. वर्गात पाढे म्हणून घेताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटायचा. आपण नसलो तर घरच्यांचं ओझं उतरेल, असं खरोखर वाटायचं. आणि त्याच्याच पाठोपाठ भीती यायची. मुलगा तेव्हा अकरावीत. त्याला कोण काय सांगेल? नवऱ्याला लोक विचारतील, घरात काय झालं होतं? माझी आई कुणाच्या तोंडाकडे बघेल? त्या भीतीनेच मला धरून ठेवलं होतं, आणि तीच मला तोंड उघडू देत नव्हती. सांगितलं तर ते मोडून पडतील, नाही सांगितलं तर... या दोहोंच्या मध्ये मी कित्येक महिने होते. जवळ माणसं होती, तरी इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

शिक्षिकेचा स्वभाव, म्हणून मी तयारीला लागले. फडताळातल्या डब्यांवर नावं चिकटवली, मुलाला कुकर लावायला शिकवलं. आणि एका दुपारी तांदूळ निवडताना मावशीला विचारलं, "मावशी, समजा मी काही महिने नसले, तर आमच्याकडे दोन वेळचा स्वयंपाक कराल?"

तिचा हात सुपात थांबला. "कुठं चालल्यात तुमी?"

"ट्रेनिंग आहे."

"कसलं?"

एवढी वर्षं पोरांची खोटी कारणं पकडण्यात गेली, पण स्वतःला एक खोटं धड रेटता आलं नाही. मग ती सुपाकडे बघतच बोलू लागली. तिचा नवरा तरुणपणीच गेला एवढं मला माहीत होतं, कसा ते ठाऊक नव्हतं. "आमच्या मानसानं त्या साली फाल्गुनातच सगळ्या पावसाची लाकडं फोडून पडवीत रचली. दर साली मी बोंबलायची तवा कुठं हालायचा. मी खूश! आळीत सांगत फिरले, आमचा मानूस सुधरला. आठ दिसांनी त्यानं जीव दिला." तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "त्याला वाटलं असंल, लाकडं भरली म्हंजी झालं. आमी ती जाळली गं. काय करनार, पोरांना भात लागतो. लोकं मला इचारायची, तू त्याला काय बोललीस त्या दिवशी? आजून इचारतात. लय वर्सं राग होता मला त्याचा. आता वाटतं, माज्यासमोर लाकडं फोडत होता आनि एकटा होता. मी इचारलंच नाय, काय झालंय म्हनून."

मग तिने मान वर केली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "तुज्या डोक्यात तसलं काय हाय का?" तोवर ती मला अहो-जाहो करायची. मी हो म्हटलं. ती दचकली नाही, तोंडावर पदर घेतला नाही, उपदेश केला नाही. माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली. पोरांची रांग लागली तरी उठली नाही. त्या दिवशी खिचडी उशिरा वाढली गेली.

"घरी सांग," ती म्हणाली. मी नाही म्हटलं, पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. "बरं. मंग डागतराला सांग. आनि मला रोज सांगायचं. खोटं नाय चालनार." पनवेलच्या डॉक्टरांकडे ती ठेवणीतली साडी नेसून माझ्याबरोबर एसटीने आली. बाहेरच्या बाकावर शेजारणीला सांगत होती, भाचीचा गुडघा दुखतो म्हणून. गोळ्या सुरू झाल्या. जादू वगैरे काही झाली नाही, पण हळूहळू पाढे म्हणणारा आवाज पुन्हा माझा वाटू लागला. ज्या दिवशी मी "आज वाईट" म्हणायची, त्या दिवशी ती शाळा सुटल्यावर स्कूटीवर माझ्या मागे बसायची आणि भिसेगावपर्यंत यायची. दारातूनच परत फिरायची. "जा आता. मानसं हायत आत." नवऱ्याला वाटायचं, तिचं कर्जतला काही काम असतं. गुडघ्यांमुळे तिने गेल्या वर्षी काम सोडलं, तरी दुपारी दीडला तिचा फोन यायचा. एक दिवस चुकला नाही.

दुखवट्याला गेले तेव्हा तिची मुलगी संगीता म्हणाली, "बाई, आई तुमचं लय नाव काढायची." मला वाटलं, हिला सगळं कळलंय. "म्हनायची, आमच्या बाईंना तांदूळ निवडायला लय आवडतं." बस्स. पोटच्या मुलीलाही तिने याहून अधिक एक शब्द सांगितला नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिथल्या चटईवर बसल्या बसल्या पायाखालची जमीन गेली. माझं खरं जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस आता नव्हतं. पुढचे दिवस दीड वाजायचा आणि जायचा. चौथ्या आठवड्यात तो जुना थकवा परत आला. मी त्याला लगेच ओळखलं.

त्या रविवारी दुपारी नवरा मिक्सर दुरुस्त करत बसला होता. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तीन वर्षं मला ज्याची भीती होती तेच झालं. तो मोडला. हातातला स्क्रू खाली पडला, तो शोधायलाही वाकला नाही. "खिचडीवाल्या मावशींना सांगितलंस... आणि मला नाही?" एवढं म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मला त्याच्याकडे बघवेना. पण तो उठून गेला नाही. सोमवारी त्याने रजा टाकली आणि माझ्याबरोबर पनवेलला आला. डॉक्टरांच्या खोलीत आत बसला, माझ्या शेजारी.

हे लिहायचं ठरवल्यावर मी संगीताला विचारलं, तुझ्या वडिलांचं लिहू का? ती म्हणाली, "लिवा बाई. आमी लय वर्सं गप बसलो."

मुलाला मात्र कळवू नकोस, असं मी नवऱ्याला बजावलं होतं. पुण्याला शिकतो, परीक्षा तोंडावर. नवऱ्याने ऐकलं नाही, पनवेलहून आलो त्या रात्रीच त्याला फोन केला. मी चिडले, स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. तेवढ्यात माझाच फोन वाजला. मुलगा होता. "आई, मी येऊ का?" या प्रश्नाला माझं उत्तर कायम तयार असतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी तेच दिलं होतं, नको रे, तुझा अभ्यास बुडेल, इथे काही अडलेलं नाही. आताही ते ओठांवर आलं होतं. दारात नवरा उभा होता. फोनवर मुलगा वाट बघत होता.

"ये," मी म्हणाले.