नागपूर ते टोरंटो, सरळ रेषेत

बाबा सकाळी वारले आणि तासाभरात मामांनी मोबाईलवर नागपूर ते भावाच्या टोरंटोचं अंतर शोधून काढलं. साडेबारा हजार किलोमीटर, विमानानं सोळा तास. अंगणात जमलेल्यांना त्यांनी जाहीरच करून टाकलं, "पोरगा उद्या सकाळी दारात येते. सोळा तास म्हणजे का लय झाले?"

ते अंतर पाखरानं सरळ उडत यायचं होतं. तसं विमानच नाही. दोन ठिकाणी बदलावं लागतं, तासन् तास बसून राहावं लागतं, वर नागपूरहून आमच्या लाखांदूरपर्यंत गाडी. मी दोनदा सांगून पाहिलं. पण मोबाईलपुढे माझं कोण ऐकणार? भावाला तिकीट मिळालं तेच संध्याकाळी.

साकोलीहून थंड पेटी आणून बाबांना तिच्यात ठेवलं. आमच्या गावात मयत घरात असली की कोणी रोवण्याला जात नाही, आणि दिवस ऐन भातरोवणीचे. बायांनी एक दिवस मुकाट्यानं मोडला. दुसऱ्या सकाळी भाऊ आला नाही, तशा त्या पेटीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघू लागल्या.

"बाई, कुठवर आला तो? पऱ्हे पिवळे पडून राहिले आमचे," शेजारची काकू भाताच्या रोपांच्या काळजीनं म्हणाली. जणू विमान मीच चालवत होते.

दारातून हलायची सोय नव्हती. तशी ती आधीही नव्हती. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून त्यांना भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे होतं. भाऊ पैसे पाठवायचा, रविवारी व्हिडिओवर दिसायचा. त्यांना शेवटपर्यंत मीच पोचवावं, एवढंच मला हवं होतं.

"मामा, मीच देते आग. मी आहो ना घरी."

मामा रागावले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. "असं कुठं होते का बाई? पोराचा मान हाय तो. आता थोडाकच येळ राहिला." आई पेटीवर हात ठेवून बसली होती.

भाऊ तिसऱ्या दिवशी दुपारी आला. डोळे सुजलेले, गळ्यात अजून विमानातली उशी. माझ्या गळ्यात पडून रडला. त्याचा राग करावा, तर तेवढंही सुख नशिबी नव्हतं.

तिरडी उचलली, मी मागोमाग निघाले. बायांनी तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत जायचं आणि तिथून परतायचं, अशी आमच्याकडची रीत. स्मशान पाळीच्या पलीकडेच आहे. मामांनी मागे वळून हातानंच सांगितलं, थांब. मी थांबले. माझे पाय इतक्या सहज थांबले याचा मला अजून संताप येतो.

काकूनं माझा दंड धरला. "चाल बाई, घरी चाल." परतताना बाया उद्याच्या रोवण्याचं बोलू लागल्या होत्या.

साडेबारा हजार किलोमीटर ओलांडून भाऊ बाबांपर्यंत पोचला. मला ती पाळ ओलांडता आली नाही.