भिंतीवरची गोधडी

आमच्या बिल्डिंगसमोर सिस्टर लोकांच्या पंथाचं मुख्य घर बांधायला घेतलं, तेव्हा वाशीत बिऱ्हाडं थोडीच होती. खाडीकडून वारा सुटला की भरावाची माती थेट भांड्यांवर येऊन बसायची. आमचे हे पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. ते कामावर गेले की मी, दोन पोरं आणि गॅलरी. मी चौथीपर्यंत शिकलेली, साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेली. परक्या माणसाशी बोलणं मला जमायचं नाही. भाजीवाल्यालासुद्धा मी बोटानं दाखवायची. त्यामुळे समोरचं बांधकाम बघणं हीच माझी करमणूक झाली.

त्यांच्या गावोगावच्या शाळांचा आणि दवाखान्यांचा कारभार तिथून चालणार होता. आमच्याकडे सगळे त्याला 'मिशनचं ऑफिस' म्हणायचे. लांबट बैठी घरं, मध्ये अंगण, आणि अंगणाच्या टोकाला एक गोल इमारत उभी राहत होती. भिंती नुसत्या विटांच्या. आम्ही वाट बघत होतो की गिलावा कधी करतात, तर तो झालाच नाही.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पैसे संपले वाटतं यांचे. आपल्या संडासाला प्लास्टर आहे, आणि यांच्या देवाला नाही."

त्याच वहिनींचा माझ्या गोधड्यांवर राग होता. मी कठड्यावर गोधड्या उन्हात टाकल्या की त्या म्हणायच्या, "अगं, सोसायटी आहे ही. बिल्डिंगचा शो जातो." एकदा अशाच गोधड्या टाकल्या होत्या आणि दाराची कडी वाजली. दारात एक सिस्टर. पांढरी साडी, गळ्यात लहानसा क्रूस, चपलांना सिमेंट लागलेलं. बांधकामावर देखरेख करणाऱ्या सिस्टर त्याच, हे मी गॅलरीतून पाहिलेलं होतं.

"बाहेर वाळत घातलीय ती गोधडी कोणी शिवली?"

मी अर्धी दारामागे. उत्तर शेजारच्या दारातून वहिनींनीच दिलं, "हिनंच. तोंड चालत नाही, पण हात चालतो बाईचा."

सिस्टर हसल्या. त्या वसईच्या होत्या. मराठी चांगलं बोलायच्या, फक्त हेल वेगळा. म्हणाल्या, "माझी आईपण शिवायची. पण टाका एवढा बारीक नव्हता तिचा. चल, तुला एक भिंत दाखवते."

पोरांना वहिनींकडे ठेवून मी गेले. त्या गोल इमारतीचं दार मुद्दाम बुटकं ठेवलं होतं. मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. आमच्या गावच्या देवळाचंही दार असंच, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. आत गेल्यावर मात्र मी गडबडले. तोवर कुठंही गेले की मी कोपरा धरायची. लग्नात, हळदीकुंकवात, सगळीकडे. इथं कोपराच नव्हता. बाकडी नव्हती, खुर्च्या नव्हत्या. काळ्या दगडाची फरशी गोल गोल वळणांनी आत सरकत गेलेली, आणि सगळ्यांनी जमिनीवर समोरासमोर बसायचं. छताच्या मधोमध काच, तिथून ऊन फरशीवर पडलेलं. एका बाजूला अखंड काळ्या दगडाची वेदी. पाट्यासारखी बाजूनं खडबडीत आणि वरून घासून गुळगुळीत केलेली. तिच्याजवळ समई.

भिंतीत भाजलेल्या मातीची लहान लहान चित्रं बसवली होती. येशूला क्रूस घेऊन नेतात ती गोष्ट. पण त्यातली माणसं मुंडासं घातलेली आणि बाया नऊवारी नेसलेल्या. एका चित्रात एक बाई फडक्यानं त्याचं तोंड पुसत होती. मी तिथंच थांबले. सिस्टर म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत हीच एक पुढे आली. हातात दुसरं काही नव्हतं तिच्या." मला ती बाई फार आवडली. कासोटासुद्धा नीट दाखवला होता तिचा.

मग सिस्टरांनी टाळी वाजवली. टाळी भिंतीला लागून फिरली, परत आली, पुन्हा फिरली. त्यांनी प्रार्थनेची एक ओळ म्हटली, तर एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर चढला आणि काही कळेना.

"गोल भिंतीचा हा ताप आहे," त्या म्हणाल्या. "वेदीमागच्या भिंतीवर जाड कापड लावलं तर आवाज घुमायचा थांबेल, असं इंजिनियर म्हणतात. पडदा मला नको. तुझी गोधडी बघितली आणि वाटलं, ही हवी. पण एक सांगते. आमच्या मोठ्या मदरना तिथं संगमरवरी मूर्ती हवीय. एकांनी देऊ केलीय. मदर म्हणतात, देवामागे पांघरूण लावलं तर लोकांना वाटेल सिस्टर इथंच झोपतात. उद्घाटनापर्यंत मला सूट आहे. तोवर मदरना पटली तर गोधडी राहील. नाही पटली तर उतरवायची."

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी हो धरलं.

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जा. जा आणि बाटून ये."

"गोधडी शिवायला सांगितलीय. देव नाही शिवायचा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. "घरात बरी जीभ चालते गं तुझी. जा. पण पोरं शाळेतून आल्यावर घरी पाहिजेस."

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी नव्या कापडाचा तागा आणून ठेवला होता. पांढरा आणि लाल. मी हात लावून बघितला आणि बाजूला सारला. नव्या कापडाची खळ जात नाही, अंगाला टोचतं. आणि गोधडी नव्याची नसतेच. ती घरच्या माणसांनी वापरलेल्या कापडाची. हे सगळं मनात होतं, तोंडातून एवढंच आलं, "वापरलेलं लागतं."

सिस्टर आत गेल्या. मग आतून एक पत्र्याची ट्रंक ओढत आणली. त्या सगळ्याजणी हल्लीच साड्या नेसायला लागल्या होत्या. त्याआधी पायघोळ झगे घालायच्या. ते जुने झगे ट्रंकेत होते. काही झगे ज्यांचे, त्या आता हयात नव्हत्या. सिस्टर एकेक उचलून सांगायच्या, "ह्या स्वयंपाकघर बघायच्या. ह्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात होत्या. ह्या फार कडक, आम्हाला शिस्त लावायला होत्या." लांबून सगळं कापड पांढरं. जवळ घेतलं की एक निळीकडे झुकलेलं, एक सायीसारखं, एकाला हळदीची झाक राहिलेली. आणि जवळजवळ प्रत्येक झगा एकाच जागी विरलेला होता, गुडघ्यांवर.

विरलेलं कापड एरवी मी आत घालते. या वेळी वर घेतलं. त्यावर टाके दाट घातले की टिकतं. गुडघ्यांचे तुकडे मी मधे लावले, त्यांच्या डोक्यावरच्या काळ्या कापडाच्या पट्ट्या उभ्या-आडव्या टाकल्या. क्रूस काढ असं कोणी सांगितलं नव्हतं, पण तो दिसायला लागला. मग मी तो मोडला नाही.

त्या गोल खोलीतच फरशीवर पसरून शिवायची. छतातलं ऊन दिवसभर फरशीवरून फिरायचं. मी त्याच्यामागे सरकायची, म्हणजे टाका दिसायचा. कडेनं सुरू करून चौफेर फिरत आत यायचं, अशी आमच्याकडची पद्धत. सिस्टर लोक येताजाता बसायच्या, सुईत दोरा ओवून द्यायच्या. कोणी केरळची, कोणी गोव्याची, एकमेकींत इंग्रजी. मला बोलावं लागत नव्हतं आणि कोणी बोलायला लावतही नव्हतं.

गोधडी पुरी झाली की शेवटी एका कोपऱ्याची शिवण उघडी ठेवतात. त्यात हळदकुंकू आणि भाकरीचा किंवा चपातीचा तुकडा घालून मग तो कोपरा बंद करतात. माझी आई घालायची, तिची आई घालायची. रिकामी गोधडी आमच्यात शिवत नाहीत. त्या दिवशी डब्यात पोरांसाठी केली होती तीच गूळ-तूप लावलेली चपाती होती. तिचा तुकडा घातला आणि दोरा तोडला. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

गोधडी भिंतीवर चढली. सिस्टरांनी टाळी वाजवली. टाळी वाजली तिथंच राहिली. मोठ्या मदर बघायला आल्या. उंच, मंगळूरकडच्या, चालणं भराभर. त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "देखेंगे."

उद्घाटन तोंडावर आलं आणि एका सकाळी सिस्टर आमचा जिना धावत चढल्या. "लवकर चल. मुंग्या लागल्यात!"

जाऊन बघते तर विटांच्या सांध्यातून लाल मुंग्यांची रांग. जमिनीवरून वेदीच्या बाजूनं, पवित्र भाकर ठेवायची त्यांची पितळी पेटी चुकवून, सरळ माझ्या गोधडीच्या खालच्या कोपऱ्यात. साऱ्या सिस्टर गोल बसलेल्या. मदर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पहले आवाज़ था, अब चींटी है," त्या म्हणाल्या. "उतारो इसको. मूर्ति को चींटी तो नहीं लगती."

वसईच्या सिस्टर माझ्या कानाशी आल्या. "आत काय आहे गं?"

"घास."

"कसला घास?"

"चपातीचा."

"क्या बोलती है?" मदरनी विचारलं.

"मदर, ये कहती है कि अंदर रोटी रखी है."

"रोटी? किसके लिए?"

सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. आता ह्या माझ्या वतीनं बोलतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी गप्प राहिले असते तर गोधडी उतरली असती, आणि मग ती कुठं गेली असती? पुन्हा ट्रंकेत.  हिंदी मला धड येत नव्हती.

"भूखी नहीं रखते," मी म्हटलं. "भूखी रही तो गरम नहीं करती."

"कपड़े को भूख लगती है?"

एक तरुण सिस्टर फिसकन हसली. मी 'हो' अशी मान हलवली. आणि पुढचं कसं बोलले ते मला सांगता येणार नाही. "जिसका जिसका कपड़ा है, उनको भी."

मग कोणी हसलं नाही. मदर गोधडीजवळ गेल्या. इतके दिवस त्यांनी तिला हात लावला नव्हता. मुंग्या चुकवून हात फिरवत त्या एका तुकड्यावर थांबल्या. तिथं जुनं रफू होतं. मी ते तसंच ठेवलं होतं. झगा त्या कडक सिस्टरांचा.

"ये रफू मैंने किया था," त्या म्हणाल्या. "नयी नयी आयी थी. टेढ़ा हुआ, तो इस झगे ने मुझे बहुत डाँटा." मग वसईच्या सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "देखो, आज भी टेढ़ा है." आता सगळ्याच हसल्या.

मला वाटलं सुटलो. पण मदर कामाची बाई. "ठीक है. लेकिन चींटी तो चींटी है. क्या करेंगे?"

मी कोपरा उसवला. गूळ लावलेला चपातीचा तुकडा मुंग्यांनी भरून गेला होता. तो अंगणात नेऊन टाकला, कोपरा झटकला, भिंत ओल्या फडक्यानं पुसली. परत आले तर मदर स्वयंपाकघरातून एक डबा घेऊन येत होत्या. प्रार्थनेसाठी कणीक नि पाण्याची पातळ कोरडी पापडी त्या घरीच भाजायच्या आणि तिच्या गोल चकत्या कापायच्या. चकत्या कापून उरलेल्या कडा पोरांना खायला वाटतात, तो हा डबा. सिस्टरांनी मला समजावलं की या कडांवर अजून प्रार्थना झालेली नाही, ही साधीच भाकर.

मदरनी चिमूटभर कडा माझ्या तळहातावर ठेवल्या. "सूखी है. इसमें घी-गुड़ नहीं. चलेगा?"

"चलेगा."

मी हळदीची चिमूट मागितली. स्वयंपाकघरातून एक सिस्टर मूठभर घेऊन आली, त्यावर मदर म्हणाल्या, "सब्ज़ी बनानी है क्या?" मी चिमूट घेतली, तो घास आत सारला आणि कोपरा शिवून टाकला. शिवताना मदर शेजारी उभ्या होत्या, त्यांनी दोरा धरला होता.

उद्घाटनाला पुष्कळ पाहुणे आले. मी वहिनींना सोबत घेऊन गेले. वहिनींना गिलाव्याविना विटा आतून आवडल्या, तसं त्यांनी कबूल केलं नाही एवढंच. मूर्ती देणारे गृहस्थही आले होते. ते मूर्ती कुठं दिसेना म्हणून इकडेतिकडे बघत होते. मदर त्यांना बाहेर घेऊन गेल्या. अंगणात, शाळेतली मुलं खेळतात तिथं, ती बसवली होती. "यहाँ सब देखेंगे," मदर म्हणाल्या. गृहस्थ खूश झाले.

पाहुणे पांगल्यावर मी वेदीमागे जाऊन कोपरा बघत होते. मुंगी नव्हती. मदर मागून आल्या.

"ये कितने साल चलेगी?"

मी सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत, की गोधडी टाकून देत नाहीत. विरली की तिच्यावर नव्यानं एक थर घालायचा. आतली तशीच राहते.

मदरनी त्या वाकड्या रफूवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मेरा झगा भी रखा है. तो ऊपर वाला कपड़ा मेरा. तुम आओगी ना सिलने?"

मी त्यांच्याकडे खालून वर बघितलं. उंच बाई. झगा चांगला लांब निघणार होता, दोन पट्ट्या सहज झाल्या असत्या.

"आऊँगी," मी म्हटलं. "बटन निकालके रखना, मदर."