साहेबांच्या मजल्याची करकर

सुतारकाकांना घरात फारसं कोणी विचारत नसे. पण लाकडी जमीन करकरू लागली, की गावभर त्यांचाच शोध. चार पावलं टाकली की दुखणं कुठे आहे ते सांगत. "फळी उगाच बोलत नाही," म्हणत. "एकतर खिळा सैल झालेला असतो, नाहीतर कुणी शहाण्याने तिला रोज आंघोळ घातलेली असते."

एका कचेरीच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब खुर्चीतून उठले की पहिल्याच पावलाला करकर, आणि दुसऱ्या पावलापर्यंत सगळा मजला कामात बुडालेला. साहेब म्हणाले, "मी नसताना काय चालतं, ते मला एकदा बघायचंय."

काका गुडघे टेकून कामाला लागले. हेडक्लार्कबाई हळूच येऊन वाकल्या. "काका, साहेबांच्या दारातली एक फळी तेवढी राहू द्या ना. म्हातारी आहे बिचारी."

"बाई, एक करकर ठेवली तर लोक माझ्या नावाने करकरतील."

तीन दिवसांत काकांनी सैल फळ्या खालच्या वाशांना स्क्रूने आवळल्या, फटींत बारीक पाचरी सरकवल्या, एकमेकींना घासणाऱ्या फळ्यांमध्ये शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड भरली. शिपायाला दम दिला, "बादलीभर पाणी ओतणं बंद! फडकं घट्ट पिळून फिरवायचं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं, मग खिळे ढिले होतात."

चौथ्या दिवशी साहेब मांजराच्या पावलांनी बाहेर आले. हेडक्लार्कबाई मोजे विणत होत्या. पलीकडे एक कारकून साहेबांची नक्कल करत होता आणि शिपाई पोट धरून हसत होता. नक्कल इतकी हुबेहूब, की साहेब कपाटाआड शेवटपर्यंत उभे राहिले. आपल्याला सगळे 'रिकामा डबा' म्हणतात, हेही त्यांना तिथेच कळलं. आले तसे ते परत गेले. कुणाला पत्ताही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा बोलावणं. दार लावून साहेब म्हणाले, "काका, थोडीशी करकर परत आणता येईल?"

काकांना राग आला. "चाळीस वर्षं करकर काढतोय, साहेब. घालायची विद्या मी शिकलो नाही."

तेव्हापासून साहेब बाहेर पडण्याआधी दोनदा मोठ्याने खाकरतात. हेडक्लार्कबाईंनी काळजीपोटी खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या. काका अधूनमधून आपलं काम तपासायला येतात, मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात आणि समाधानाने मान हलवतात.

"आणि हे खाकरणं हो, काका?" शिपायाने एकदा विचारलं.

"तो वरचा आवाज," काका म्हणाले. "माझी हद्द फळीपर्यंत."