सासऱ्यांनी रिजेक्ट केलेला आवाज

या जगात जे जे आहे ते खोटं आहे आणि ते खरं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्याची स्वतःची आहे, असं मानणारा एकच माणूस मी पाहिलाय आणि नेमका तोच माझा सासरा निघाला. वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा चहाआधी त्यांनी मला खिडकीच्या उजेडात उभं करून दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं. "पास," म्हणाले, पण नाइलाजानं.

रिटायर झाल्यावर एव्हरशाईन सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तपासायला माल उरला नाही. तेवढ्यात एआयचे व्हिडिओ आले आणि सासऱ्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. नातेवाइकानं काहीही पाठवलं, की भिंग घेऊन आधी बोटं मोजायची, मग पापण्या, मग दात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरल्याचा व्हिडिओ आला, अख्खी बिल्डिंग दारं लावून बसली, आणि हे एकटे खाली जाऊन, "खांबाची सावली डावीकडं, बिबट्याची उजवीकडं! रिजेक्ट!" असं ओरडत फिरले. त्या दिवसापासून बायका त्यांना लग्नाची स्थळंसुद्धा तपासायला आणून देऊ लागल्या. मी कामासाठी नागपूरला गेलो होतो, तिथून व्हिडिओ कॉल केला, तर म्हणाले, "मान वळवा. आता तोंडापुढून हात फिरवा." मी मागचं दृश्य धूसर केलं होतं, त्यात माझा कान गेला. त्यांनी फोन कापला आणि माझ्या बायकोला सांगितलं, "तुझा नवरा खोटा आहे." ती म्हणे, "ते मला माहितीय, पण फोन घ्या!"

मग एका सकाळी अनोळखी नंबरावरून त्यांच्या थोरल्या भावाच्या आवाजातला रेकॉर्ड केलेला निरोप आला. गावच्या वाडीतला वडिलांनी लावलेला रायवळ आंबा थोरल्यानं घर वाढवायला तोडला, तेव्हापासून अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. आवाज म्हणत होता, "धाकट्या, चुकलं माझं. आंबा तोडायला नको होता. परवा हृदयाचं ऑपरेशन हाय. एकदा येऊन जा." सासऱ्यांनी तिथंच बंद केलं. "रिजेक्ट. दादा माफी मागत नाही. आणि शिवी दिल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नाही. इतका गुळगुळीत माल असतो का कुठं?" बायको रडकुंडीला आली. "बाबा, काकांचाच आवाज आहे. निदान फोन तरी करा!" "फोनवरही तोच खोटा आवाज येईल," म्हणत ते पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हट्ट तसाच. ऑपरेशन उद्यावर आलेलं. मला राहवेना. म्हटलं, "बाबा, अर्धाच नग तपासून शिक्का मारायचात का कधी?" हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी आवाज शेवटपर्यंत लावला. माफीनंतर बराच वेळ नुसती खरखर होती. मग लांबून थोरल्याचा आवाज, बायकोवर खेकसत असलेला, "अगं, हे बंद कसं करायचं? पोराच्या मोबाइलला बटनच नाय! आनि तो येतोय कसला, पहिल्यापासून गाढव हाय तो."

सासरे ताडकन उठले. "दादाच!" डोळ्यांतून धारा आणि तोंडावर हसू. चपला उलट्यासुलट्या घालून ते माझ्या आधी रिक्षात बसले होते. गावी पोचल्यावर थोरल्यानं खाटेवरून विचारलं, "एवढा उशीर? गाढवा, मेल्यावर येनार होतास?" आणि दोघे एकमेकांचे हात धरून बसून राहिले.

ऑपरेशन झालं. थोरले पुढं आठ महिने जगले, आणि त्यातला एकही रविवार हे दोघे भांडले नाहीत असा गेला नाही. वाडीत नवीन आंब्याचं कलम लावलं, तेही कुठं लावायचं यावर भांडून.

आता सासरे इतरांचे व्हिडिओ फारसे तपासत नाहीत. सकाळी गॅलरीत बसून तोच एक आवाज कानाला लावतात. परवा मी म्हटलं, "बाबा, पास झालाय ना तो कधीच?"

"झालाय हो," भिंग पुसत म्हणाले, "पण जपून ठेवलेला माल अधूनमधून बघावा लागतो." आणि माफी सगळी पुढं पळवून त्यांनी शेवटची शिवी पुन्हा लावली.